हिशेबातला तिसरा माणूस

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा निम्मे कोल्हापूर रस्त्यावर आले होते. ज्यांनी आयुष्यात तिकीट काढून एकही नाटक पाहिले नसेल, अशी माणसेही त्या रात्री डोळे पुसत होती. शाहू महाराजांनी १९१५ साली पुरे केलेले हे मूळचे पॅलेस थिएटर. गाव त्याच्यासाठी रडले, हे गावाला शोभणारेच झाले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली एक जुनी दुमजली इमारत चार दिवसांत जमीनदोस्त झाली होती. खाली तीन दुकाने, वर दोन बिऱ्हाडे आणि पुढे लाकडी कठड्याची लांब गॅलरी. ती पडताना पाहायला जेसीबीचा ड्रायव्हर, भंगारवाला आणि मी, एवढेच हजर होतो. ती कुणी बांधली, तिचा नकाशा कुणी काढला, हे मालकाच्या मुलालाही ठाऊक नव्हते. “आजोबांच्या वेळची आहे काका,” एवढेच तो म्हणाला.

आपल्याकडे हे नेहमीचेच आहे. राजवाडा बांधणाऱ्याचे नाव गावाच्या तोंडी असते. मेजर मँटचेच पाहा. आपला नवा राजवाडा त्याचा, टाऊन हॉल त्याचा. १८८१ साली तो वारला, तेव्हा नव्या राजवाड्याचे काम अजून चालू होते. आपल्या इमारती कोसळणार, आपले गणित चुकले, या धास्तीने त्याला वेड लागले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरे-खोटे देव जाणे. इमारती मात्र अजून ताठ उभ्या आहेत. पण भाड्याने द्यायची घरे, दुकाने, कचेऱ्या, सिनेमागृहे ज्यांनी उभारली, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्यांच्या आत जन्म काढला, त्या वास्तुकारांची नावे सांगा म्हटले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू. आज अशाच एका माणसाविषयी लिहायचे आहे. तो कोल्हापूरचा नव्हे, मुंबईचा. पण त्याच्याकडून शिकण्यासारखे जे आहे, त्याची गरज आज कोल्हापूरला अधिक आहे.

मी वास्तुशास्त्रातला माणूस नाही. माझा इमारतींशी संबंध आला तो बँकेतल्या टेबलावर. तारण म्हणून आलेल्या मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल समोर यायचा. जागेचे क्षेत्रफळ, बांधकामाचे क्षेत्रफळ, इमारतीचे वय, उर्वरित आयुष्य, घसारा. चाळीस वर्षे झालेली इमारत असली की घसारा वजा करता करता हाती जवळजवळ भोपळा यायचा आणि खालची जमीन तेवढी सोन्याची व्हायची. त्या तक्त्यात घरात वारा येतो का, याला रकाना नव्हता. मीही कधी तो विचारला नाही.

तसा तो विचारायला मला १९८५ साली एकदा शिकवले गेले होते. पण मी विसरलो. त्या वर्षी माझी मुंबईला बदली झाली. राहायला जागा नव्हती, म्हणून माटुंग्याला आत्याकडे उतरलो. ‘महिनाभर राहतो’ म्हणून गेलेला मी अडीच वर्षे राहिलो. आत्याचे घर तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचे. महिना बेचाळीस रुपये. इमारत लढाईच्या आधीची. कोपऱ्यावर वळण घेत गेलेली गोल बाल्कनी, खिडक्यांवर भुवईसारख्या बाहेर आलेल्या पातळ छज्ज्या, जिन्याच्या जाळीत उगवत्या सूर्याची किरणे. दुपारी दोन वाजता पंखा बंद करून झोपता येई. एकदा आत्याला मी म्हटले, “आत्या, घर काय सुरेख आहे ग!” ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, “ज्यानं काढलंय ना, त्याला बाईमाणसाचं कळत होतं. बघ, शेगडीपाशी उभं राहिलं की दार दिसतं. कोण आलं, कोण गेलं, हात न धुता कळतं.”

ते कुणी काढले होते, हे आत्याला माहीत नव्हते. आतोबांनाही नाही. भाडे न्यायला येणाऱ्या मेहताजींना विचारले, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी जणू पावतीवरच्या तिकिटाचा चित्रकार कोण, असे विचारले होते.

त्या प्रश्नाच्या नादाने मी एका नावापर्यंत पोचलो. गजानन बाबुराव म्हात्रे. ‘म्हात्रे’ म्हटले की मराठी माणसाला शिल्पकार गणपतराव म्हात्रे आणि त्यांची ‘मंदिरपथगामिनी’ आठवते. हे म्हात्रे वेगळे. जन्म १९०२, मृत्यू १९७३. जे. जे.च्या परंपरेतले वास्तुकार, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे फेलो. दक्षिण मुंबईत १९३० नंतर निवासी इमारतींची जी लाट उठली, तिच्यात ज्या मोजक्या लोकांनी शहराला नवा चेहरा दिला, त्यांत म्हात्रे अगदी पुढच्या रांगेत होते. मरीन ड्राइव्ह आणि वीर नरिमन रस्ता मिळतो त्या कोपऱ्यावरची सूना महल ही त्यांची इमारत. सिधवा या पारशी कुटुंबासाठी ती १९३७ साली बांधली गेली. कोपऱ्यावर छोटासा मनोरा, आडवे पट्टे आणि समुद्राकडे तोंड. मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते आणि ती कुणाची, हे जवळजवळ कुणालाच ठाऊक नसते. कमू अय्यर या वास्तुकाराने २००० साली म्हात्र्यांच्या कामावर एक पुस्तक काढले, तेव्हा कुठे अभ्यासकांच्या बाहेर हे नाव थोडेफार पोचले. माणूस जाऊन तोवर सत्तावीस वर्षे झाली होती.

म्हात्र्यांचा काळ समजून घेतला पाहिजे. बॅकबेची भरणी म्हणजे मुंबईतले एक गाजलेले प्रकरण. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत ती योजना सुरू झाली, खर्च अफाट वाढला, बॅरिस्टर नरिमन यांनी तिच्यातला गैरकारभार चव्हाट्यावर मांडला. पण समुद्र हटवून काढलेली जमीन शेवटी १९३०च्या दशकात बांधकामाला मिळाली. लोखंड आणि सिमेंट यांच्या आर. सी. सी. बांधकामाचे ते नवेपण होते. दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन १९३६ साली ए. सी. सी. उभी राहिली. नोव्हेंबर १९३७ मध्ये वास्तुकारांच्या संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. स्वयंपाकघर कसे असावे, न्हाणीघर कसे असावे, हे सजवलेल्या खोल्यांत लोकांनी आत शिरून पाहिले. वाड्यात आणि चाळीत वाढलेल्या माणसाला ‘फ्लॅट’ नावाची गोष्ट अशी शिकवावी लागली. संडास घराच्या आत, हीच केवढी क्रांती होती! आमच्या आजीला ते शेवटपर्यंत पटले नाही.

त्या काळी हे कलाविश्व सगळे एकमेकांत मिसळलेले होते. फोर्टातली न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत १९३६ सालची, मास्टर, साठे आणि भुता या कंपनीची. तिच्या दर्शनी भागावरच्या त्या उंच मानवाकृती एन. जी. पानसरे यांच्या. धोबी तलावावरचे मेट्रो सिनेमागृह १९३८ चे. त्याचा आराखडा न्यूयॉर्कच्या थॉमस लॅम्बचा आणि आतली भित्तिचित्रे जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी काढलेली. हा लॅम्ब म्हणजे धंदेवाईक वास्तुकाराचा अगदी नमुना. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, बारा-तेरा वर्षांचा असताना अमेरिकेत गेलेला. त्याने जन्मभर थिएटरे बांधली, तीनशेच्या वर. देऊळ नाही, विद्यापीठ नाही. तिकीट विकणाऱ्यांसाठी तिकिटापुरती स्वप्ने. १९४२ साली तो वारला. पुढे टीव्ही आला आणि त्याची कितीतरी थिएटरे पाडली गेली. मेट्रोचेही २००६ साली मल्टिप्लेक्स झाले. मात्र दर्शनी भाग आणि आतला काही डौल राहिला. ज्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी कॅमेरा तयार केला आणि १९२९ साली प्रभातची स्थापना झाली, त्या गावाने आपली जुनी थिएटरे बंद पडताना, पाडली जाताना पाहिली. पण ती कुणी रेखाटली होती, हे तेव्हाही आपण विचारले नाही.

आता माझ्या जुन्या धंद्याकडे येतो; कारण खरी गोम हिशेबात आहे. म्हात्र्यांच्या काळातल्या अशा बहुतेक इमारती भाड्याने देण्यासाठी बांधल्या जात. मालक काही दानशूर नव्हता. त्याला गुंतवलेल्या पैशावर दरमहा परतावा हवा होता. पण भाड्याच्या इमारतीची गंमत अशी की, बांधकाम संपल्यावर मालकाचा संबंध संपत नाही, तिथून तो सुरू होतो. घरात अंधार असेल, ओल येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर भाडेकरू सोडून जाईल. म्हणून वीस-तीस वर्षांनीही घर चांगले राहावे, यात मालकाचा स्वार्थ होता. वास्तुकाराचे कौशल्य असे की, या स्वार्थाच्या चौकटीत तो भाडेकरूचे सुख बसवीत असे. आणि त्यातूनच एका तिसऱ्या माणसाचीही सोय होई. तो म्हणजे रस्त्याने जाणारा. त्याचा इमारतीशी कसलाही करार नाही. तो भाडे देत नाही, घेत नाही. पण मरीन ड्राइव्हवरून चालताना सगळ्या इमारतींची उंची एकसारखी दिसते, कोपरे वळताना डोळ्यांना खुपत नाहीत, ते त्याचे. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा मानले, ते राजवाडे म्हणून नव्हे. त्यांतल्या कितीतरी इमारती साध्या भाड्याच्या बिऱ्हाडांच्या आहेत.

मग हे थांबले का? याचे उत्तर कायद्यात आहे. लढाईच्या टंचाईत भाडेकरूंची पिळवणूक होऊ नये म्हणून निर्बंध आले आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हेतू चांगला होता. माझ्या आत्यासारख्या हजारो कुटुंबांना त्या कायद्याने मुंबईत टिकवले. पण बेचाळीस रुपयांत इमारतीला रंगही लागत नाही. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत मालकांनी अर्धशतक हात वर केले होते. भाड्यासाठी नवे घर बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. मग मालकी हक्काचे फ्लॅट आले, १९६३ साली त्यांचा कायदा झाला. आणि इथे हिशेब उलटा झाला. विकण्यासाठी बांधणाऱ्याचा संबंध विक्रीबरोबर संपतो. आज रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे त्याच्यावर टाकली आहे, हे चांगलेच झाले. पण पाच वर्षे कुठे आणि पन्नास वर्षे कुठे! मी हे कुणा बिल्डरला दोष देण्यासाठी लिहीत नाही. हिशेब जसा मांडाल तशी इमारत उठते, एवढेच माझे म्हणणे.

व्हिएन्नाचा व्हिक्टर ग्रुएन हा म्हात्र्यांच्याच वयाचा, जन्म १९०३. हिटलरच्या तावडीतून १९३८ साली सुटून अमेरिकेला गेला, दुकाने सजवता सजवता मोठा झाला आणि १९५६ साली मिनेसोटात त्याने पहिला पूर्ण बंदिस्त शॉपिंग मॉल उभा केला. त्याच्या मनात होते ते दुकानांभोवती घरे, शाळा, बागा असलेले, पायी फिरण्याजोगे गावाचे केंद्र. धनकोंनी त्यातली दुकाने आणि गाड्यांचा तळ तेवढा उचलला, बाकीचे वगळले. शेवटी, १९८० साली मरण्यापूर्वी, त्याने ‘या मॉलचा बाप मी नव्हे’ अशा अर्थाचे जाहीर बोलून हात झटकले. हुशार वास्तुकारही हिशेबापुढे हरतो, तो असा. म्हणून हिशेब कुणी आणि कसा मांडायचा, हा प्रश्न वास्तुकारावर सोडून चालत नाही. तो आपला असतो.

म्हात्र्यांच्या पिढीचेही सगळे निर्मळ होते, असे समजू नका. आत्याच्या इमारतीला मागच्या बाजूने एक लोखंडी गोल जिना होता. त्या काळच्या बऱ्याच इमारतींना तो असे. सफाईसाठी येणारी बाई त्या जिन्याने वर चढायची, न्हाणीघराच्या मागच्या दाराने आत यायची आणि तशीच परत जायची. पुढचा, सूर्याच्या जाळीचा जिना तिच्यासाठी नव्हता. अडीच वर्षांत तिचे नाव मी विचारले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. ज्या नकाशात शेगडीपासून दार दिसण्याची सोय होती, त्याच नकाशात ही बाई कुणाला दिसू नये, याचीही सोय होती. जुन्याचे गोडवे गाताना हा जिना विसरू नये.

आणि माझा स्वतःचा जिना? तोही सांगतो. १९९० नंतर मी कोल्हापुरात शाखाधिकारी होतो. बाजारपेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या जागी व्यापारी संकुल बांधायचे, असा कर्जाचा प्रस्ताव आला. कागद चोख होते. जागेवर गेलो. पुढे रुंद ओटा, त्यावर गॅलरीची सावली. ओट्यावर एक म्हातारा कुलपे दुरुस्त करीत बसलेला. मी मोजमापे पाहिली, मालकाच्या हातचा चहा घेतला आणि आठवड्याभरात सही केली. कर्ज वेळेवर फिटले. बँकेच्या दृष्टीने तो उत्तम निर्णय होता. संकुलाची शटरे थेट रस्त्याच्या कडेपर्यंत आली. दोन-तीन वर्षांनी जुलैत त्याच रस्त्याने येत होतो. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आडोशाला म्हणून सवयीने पाय वळले, तर आडोसा नव्हता. ओटा गेला होता, गॅलरी गेली होती, कुलुपवाला कुठे गेला कुणास ठाऊक. शटराला पाठ लावून मी चिंब भिजत उभा राहिलो. त्या हिशेबातला तिसरा माणूस मीच होतो आणि तो वजा केला होता, तोही मीच.

२००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी लिहू लागलो. आता आम्ही राहतो ती सोसायटीही पस्तिशी ओलांडून गेली आहे. गच्ची गळते, लोखंड गंजून छताचे पोपडे पडतात, लिफ्ट नाही आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे गुडघे गेले आहेत. पुनर्विकास हवाच, या मताचा मी आहे. जुने म्हणून सगळे जपा, असे म्हणणाऱ्याने आधी जुन्या घरात पाणी भरून दाखवावे.

गेल्या महिन्यात सभा झाली. बिल्डरच्या माणसाने रंगीत चित्रे लावली. तासभर चर्चा चालली ती कार्पेट एरिया किती वाढणार आणि कॉर्पस किती मिळणार, यावर. मी हात वर केला. “नकाशा कुणी काढलाय?” सेक्रेटरी हसून म्हणाले, “काका, तुम्हाला कादंबरीत घालायचाय का आर्किटेक्ट?” सगळे हसले, मीही हसलो. मग विचारले, “स्वयंपाकघराची खिडकी कुठं उघडते?” चित्रात शोधाशोध झाली. ती एका तीन फुटी चौकात उघडत होती, जिथे समोर दुसऱ्या घराची खिडकी होती. पहिल्या मजल्यावरच्या जाधववहिनी आजवर सभेत कधी बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या. “मला दिवसातले सहा तास तिथं उभं राहायचंय,” त्या म्हणाल्या. “कार्पेट दहा फूट कमी द्या, पण वारा द्या.” नंतर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एकाने फाटकाजवळ पावसात उभे राहायला छज्जा असेल का, असे विचारले. दुसऱ्याने घरकाम करणाऱ्या बायकांसाठी बसायला जागा आणि संडास आहे का, असे विचारले. बिल्डरचा माणूस वाईट नव्हता. त्याने सगळे लिहून घेतले. म्हणाला, “आजवर असं कुणी विचारलं नाही हो.”

त्याचे ते वाक्य मला खरे वाटते. आपण विचारत नाही. वास्तुकाराचे नाव विचारत नाही, म्हणून त्यालाही आपल्या नावाची फिकीर उरत नाही. देवळाच्या पायरीवर पाचशे एक रुपये देणाऱ्याचे नाव कोरतो. मग चाळीस कुटुंबे ज्यात पन्नास वर्षे राहणार, त्या इमारतीच्या दारावर ती रेखाटणाऱ्याचे आणि बांधणाऱ्या मिस्त्रीचे नाव का नको? खर्च म्हणाल तर एका फरशीचा. पण ज्याचे नाव दारावर लागणार आहे, तो तीन फुटी चौकात स्वयंपाकघराची खिडकी काढताना एकदा तरी थबकेल. आणि बँकांच्या मूल्यांकनाच्या तक्त्यात एक रकाना वाढवता आला, तर माझ्यासारख्या पुढच्या अधिकाऱ्यांना सही करण्यापूर्वी ओट्यावरचा कुलुपवाला दिसेल.

आत्या गेली त्याला बरीच वर्षे झाली. माटुंग्याची ती इमारत अजून आहे. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा असेल की नाही, सांगता येत नाही. तिचा वास्तुकार मला अखेरपर्यंत सापडला नाही. म्हात्रे नसतीलही; त्यांच्या पिढीतला दुसरा कुणी असेल. आमच्या सोसायटीची पुढची सभा येत्या रविवारी आहे. बिल्डरच्या माणसाने नवा नकाशा आणतो म्हणून सांगितले आहे. जाधववहिनी सर्वांत पुढच्या खुर्चीवर बसणार आहेत.